आधी ओटा की आधी फरशी?

घर बांधायला काढले की घरात रोज एक नवा प्रश्न उभा राहतो. दार कुठे ठेवायचे? खिडकी केवढी ठेवायची? मोरी कोणत्या कोपऱ्यात घ्यायची? एकेक प्रश्न सुटतो आणि काम पुढे सरकते. भिंती उभ्या राहतात, वर छप्पर येते. मग पाळी येते स्वयंपाकघराची. तिथे गवंडी आणि सुतार दोघेही येऊन उभे राहतात आणि विचारतात, "बोला मालक, आधी ओटा करायचा की आधी फरशी बसवायची?"

प्रश्न लहान दिसतो. पण त्याचे उत्तर चुकले, तर ती चूक रोज दोन वेळा सोसावी लागते. सोसते कोण? जी चुलीपुढे उभी राहते ती. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. ही चूक आमच्याच घरात झाली. तीच आधी सांगतो.

आमची चूक

आमचे घर बांधले तेव्हा हातात पैसा थोडा होता. पावसाळा तोंडावर आला होता. आम्ही म्हणालो, "स्वयंपाकाची सोय आधी होऊ दे. ओटा बांधून टाका. फरशीचे पुढे बघू."

गवंड्याने ओटा बांधला. खाली नुसता कोबा होता. कोब्यापासून टेप लावून त्याने ३२ इंच उंची धरली. आमची कारभारीण ओट्यापाशी उभी राहिली, हात टेकवून बघितला आणि म्हणाली, "झकास झालं."

सुताराने ओट्याखाली लाकडी चौकट बसवली. चौकटीतून गॅसची टाकी आत सरकवली. ती सहज गेली. आम्ही खूश झालो.

पुढच्या साली पीक बरे आले. शहाबादी फरशी आणली आणि घरभर बसवली. फरशी छान दिसली. पण दुसऱ्या दिवशी कारभारीण भाकरी थापायला उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, ओटा खाली गेला की काय?"

आम्ही हसलो. ओटा कसा खाली जाईल? पण ती बोलली ते खरेच होते. ओटा जागच्या जागीच होता. जमीन वर आली होती!

गॅसची टाकी संपली. नवी टाकी आली. ती चौकटीतून आत जाईना. तिरपी करून बघितली, तरी जाईना. शेवटी टाकी ओट्याच्या बाहेर, वाटेतच ठेवली. येता-जाता तिला पाय लागायचा. आईच्या पायाला तर दोनदा ठेच लागली.

त्या ओट्यावर आमच्या कारभारणीने नऊ वर्षे स्वयंपाक केला. वाकून वाकून तिची कंबर धरली. ती कधी फार बोलली नाही. एकदाच म्हणाली, "बांधताना मला एक शब्द विचारला असता, तर बरं झालं असतं."

हा बोल आमच्या मनाला लागला. म्हणून हा पाठ लिहिला.

जमीन वर कशी आली?

आता हिशेब करू. हिशेब सोपा आहे.

फरशी नुसत्या कोब्यावर ठेवत नाहीत. खाली सिमेंट-वाळूचा माल पसरतात. आमच्या घरी माल दीड इंच पडला. त्यावरची फरशी एक इंच जाडीची होती.

माल – १॥ इंच
फरशी – १ इंच
एकूण – २॥ इंच

म्हणजे जमीन अडीच इंच वर आली. ओटा होता ३२ इंच. त्यातून अडीच इंच वजा करा.

३२ – २॥ = २९॥

ओटा साडेएकोणतीस इंचांचा राहिला. उभ्याने काम करणाऱ्या बाईला अडीच इंच फार होतात. तेवढे वाकून तासभर उभे राहून बघा, म्हणजे कळेल.

आता टाकीचा हिशेब. ओट्याचा दगड, त्याखालची फळी आणि मधला माल मिळून अडीच इंच. त्याखाली सुताराची दोन इंचांची लाकडी पट्टी. म्हणजे ओट्याखाली मोकळी जागा आधी २७॥ इंच होती. फरशी बसल्यावर ती २५ इंच राहिली. घरगुती गॅसची १४.२ किलोची टाकीही उंचीला जवळजवळ तेवढीच असते. मग ती आत जाणार कशी? आणि गेली तरी वरच्या रेग्युलेटरला हात कसा पोचणार?

चूक गवंड्याची नव्हती. त्याने ३२ इंच सांगितले तर ३२ इंच दिले. चूक सुताराचीही नव्हती. चूक आमची होती. उंची कुठून मोजायची, हे आम्ही ठरवलेच नव्हते.

दादांच्या घरचा वाद

यंदा आमच्या थोरल्या दादांनी घर बांधायला काढले. आम्ही मुद्दाम चार दिवस तिथे जाऊन राहिलो. म्हटले, आपली चूक दुसऱ्याच्या घरी होऊ द्यायची नाही.

एक दिवस सकाळी गवंडीमामा आणि सुतारकाका दोघेही आले. चहा झाला आणि वाद सुरू झाला.

गवंडीमामा म्हणाले, "माझं ऐका. आधी सगळी फरशी. भिंतीपासून भिंतीपर्यंत. मग तिच्यावर काय पाहिजे ते ठेवा. ओटा काढला, कपाट हलवलं, तरी खाली फरशी आहेच. खड्डा दिसायचा नाही."

सुतारकाका म्हणाले, "आणि ओट्याखालची फरशी बघणार कोण? आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद ओटा. म्हणजे सोळा चौरस फूट फरशी फुकट गेली. शिवाय आम्ही वर काम करणार. हातोडा पडला, दगड निसटला, की नवी फरशी फुटली. आधी ओटा आणि कपाटं, मग फरशी."

गवंडीमामा हसले. "तुमचं लाकूड आधी बसवा. मग मी फरशीवर आठ दिवस पाणी मारतो. बघा तुमची प्लायवुडची फळी कशी फुगते ती!"

सुतारकाका गप्प बसले. मग म्हणाले, "हे मात्र खरं आहे. मागं एका घरी तसंच झालं. कपाटाची खालची फळी पाणी पिऊन पुरीसारखी फुगली. दार लागेना. पुन्हा सगळं करावं लागलं."

दादांनी आमच्याकडे बघितले. आम्ही म्हणालो, "दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण आधी वहिनींना बोलवा."

वहिनी पदराला हात पुसत आल्या. आम्ही विचारले, "वहिनी, तुम्हाला ओटा केवढा उंच पाहिजे?"

वहिनी म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही ठरवाल ते."

आम्ही म्हणालो, "त्यातलं तुम्हालाच कळतंय. आम्हाला त्यावर उभं राहायचं नाही."

उंची कशी काढावी?

ओट्याची उंची पुस्तकात बघून ठरवू नये. शेजारच्या घरचा ओटा बघूनही ठरवू नये. जी बाई त्यावर जास्त काम करणार, तिच्या मापाने ओटा करावा. माप असे घ्यावे.

बाईने अनवाणी, सपाट जमिनीवर सरळ उभे राहावे. हात कोपरात वाकवावा. जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावावी. जे माप येईल, त्यातून तीन ते चार इंच वजा करावे. राहिली ती ओट्याची उंची.

वहिनींचे माप घेतले. कोपरापर्यंत ३७ इंच भरले. त्यातून ४ इंच वजा केले. ३३ इंच राहिले. वहिनींसाठी ३३ इंचांचा ओटा ठरला.

एवढ्यात दादांच्या सासूबाई म्हणाल्या, "मला बाई खाली बसूनच भाकरी थापायची सवय. उभ्यानं मला जमायचं नाही."

त्यांचेही बरोबर होते. घरात सगळी माणसे एका उंचीची नसतात आणि एका सवयीची नसतात. म्हणून ओट्याच्या बाजूला एक कोपरा मोकळा सोडायचे ठरले. तिथे जमिनीपासून वीतभर उंच एक फरशी बसवायची. म्हातारीला खाली बसून थापता येईल. पाटा-वरवंटाही तिथेच राहील.

बघा मंडळी, दोन प्रश्न विचारले, तर दोन सोयी झाल्या. विचारायला पैसे पडत नाहीत.

मोजायचे कुठून?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती नीट वाचा. दोनदा वाचा.

ओटा आधी झाला काय आणि फरशी आधी झाली काय, उंची नेहमी तयार फरशीपासून मोजायची. फरशी अजून बसली नसेल, तरीही तिच्यापासूनच मोजायची.

तुम्ही म्हणाल, जी फरशी बसलीच नाही तिच्यापासून कसे मोजायचे? त्यासाठी भिंतीवर खूण करायची.

गवंड्याकडे पाण्याची पारदर्शक नळी असते. नळीत पाणी भरले, की दोन्ही तोंडांशी पाणी एकाच पातळीला उभे राहते. नळी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नेता येते. या नळीने स्वयंपाकघराच्या चारी भिंतींवर एकाच पातळीची रेघ मारून घ्यावी. ही रेघ तयार फरशीच्या वर बरोबर ३६ इंच, म्हणजे तीन फूट धरावी.

आता सगळे या रेघेपासून खाली मोजायचे. फरशी रेघेच्या खाली ३६ इंच. वहिनींचा ओटा ३३ इंचांचा. म्हणून ओट्याची वरची बाजू रेघेच्या खाली ३ इंच. गवंडी याच रेघेवरून मोजेल. सुतारही याच रेघेवरून मोजेल. नळ बसवणाराही याच रेघेवरून मोजेल. मग कोण आधी आला आणि कोण मागून आला, याने काही बिघडत नाही.

आमच्या घरी ही रेघ मारली असती, तर नऊ वर्षांची कंबरदुखी वाचली असती.

एक सांगायचे राहिले. मोरीकडे फरशीला उतार द्यावा लागतो. गवंडी लोक इंचाचे आठ भाग करतात. एका भागाला सूत म्हणतात. दर फुटाला एक सूत उतार दिला, तरी पाणी वाहून जाते. हा उतार मोरीपाशी द्यावा. ओटा मात्र पाणसळ लावून सपाटच करावा. नाही तर कढईतले तेल एका बाजूला जमेल.

कामाचा क्रम

गवंडीमामा आणि सुतारकाका यांच्याशी बोलून आम्ही क्रम ठरवला. तो असा.

१. जोत्यातला भराव. मुरूम थराथराने टाकावा. प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने चोपावा. भराव कच्चा राहिला, तर पुढे जमीन खचते. मग फरशी बसते आणि ओट्याला भेग पडते. भराव चांगला बसला, की त्यावर कोबा करावा.

२. नळ्या. पाण्याचा नळ, सांडपाण्याची नळी, विजेच्या तारांची नळी. जे जमिनीत किंवा भिंतीत गाडायचे, ते सगळे आधी गाडावे. फरशी बसल्यावर नळी आठवली, तर फरशी फोडावी लागते.

३. भिंतीचा गिलावा. गिलाव्याचा माल खाली पडतो. म्हणून तो फरशीच्या आधी.

४. भिंतीवरची रेघ. तिची गोष्ट वर सांगितलीच.

५. ओट्याचे पाय. विटांचे किंवा कडाप्पा दगडाचे पाय पक्क्या कोब्यावर उभे करावे. ओटा जड असतो. त्याचे वजन थेट कोब्यावर गेलेले बरे.

६. फरशी. ती पायापर्यंत आणून भिडवावी. पायांच्या मधल्या जागेतही, म्हणजे ओट्याखालीही फरशी बसवावी. वर दगड नसल्याने गवंड्याला आत वाकून नीट बसवता येते.

७. ओट्याचा दगड. फरशी चार-आठ दिवस पक्की होऊ द्यावी. मग तिच्यावर गोणपाट अंथरावे आणि ओट्याचा दगड चढवावा. त्यानंतर ओट्यामागच्या भिंतीला टाइल लावावी. ती ओट्यापासून वर लावत जावी, म्हणजे तळाची टाइल अखंड बसते.

८. पाणी आणि वाळवण. सिमेंटच्या कामाला निदान सात दिवस पाणी मारावे. मग सगळे कोरडे होऊ द्यावे. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्या. घाई करू नये.

९. लाकूडकाम. कपाटे, दारे, फळ्या सगळ्यात शेवटी.

हा सगळा क्रम एका ओळीत सांगतो. ती पाठ करून टाका:

पाय आधी, फरशी मधे, दगड वरती, लाकूड शेवटी.

आणखी एक सोपी खूणगाठ: ओले काम आधी, कोरडे काम मागून. ज्या कामाला पाणी लागते ते आधी संपवा. ज्या कामाला पाण्याने धोका होतो ते मागे ठेवा. हा नियम नुसत्या स्वयंपाकघराला नाही, सगळ्या घराला लागू आहे.

सोळा फुटांचा लोभ

सुतारकाकांनी विचारले, "मग ती ओट्याखालची सोळा चौरस फूट फरशी? ती वाचवायची नाही का?"

दादांनाही तोच मोह होता. स्वयंपाकघर दहा बाय आठ फूट. म्हणजे ऐंशी चौरस फूट. त्यातले सोळा चौरस फूट म्हणजे पाचवा हिस्सा. पैसे थोडेफार वाचतातच.

पण ओट्याखाली काय राहील याचा विचार करा. तिथे नुसता कोबा राहील. बाहेरची फरशी अडीच इंच वर आणि आतला कोबा खाली. म्हणजे ओट्याखाली खळगा झाला. फरशी धुतली, की पाणी त्या खळग्यात जाईल. पाणी निघायला वाट नाही. ओल धरेल. झुरळे होतील. लाकडाच्या कपाटाला वाळवी लागेल. गॅसची टाकी आत-बाहेर करताना अडीच इंच उचलावी लागेल. भरलेली टाकी उचलणे खेळ नाही. लोखंड आणि गॅस मिळून तिचे वजन जवळजवळ तीस किलो होते.

हे ऐकून दादा म्हणाले, "नको रे बाबा. बसवा खालीही फरशी. हवं तर तिथं तुकड्यांची बसवा."

ही तोड चांगली निघाली. ओट्याखाली चांगली, एकसारखी फरशी लागत नाही. कापून उरलेले तुकडे बसवावे. पातळी मात्र एकच ठेवावी. दर्जा सिमेंटने भराव्या. पैसेही वाचतात आणि खळगाही राहत नाही.

तयार कपाटे घ्यायची असली तर?

आता बाजारात लोखंडी किंवा प्लायवुडची तयार कपाटे मिळतात. खाली पाय असलेली कपाटे आणून ठेवायची, वर दगड टाकायचा, झाला ओटा. असा बेत असेल, तर प्रश्नच नाही. आधी भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळी फरशी. मग कपाटे. कारण कपाट म्हणजे सामान. सामान काय, आज इथे, उद्या तिथे.

पण दोन गोष्टी सांभाळा. एक, कपाटाचे लाकूड फरशीला टेकू देऊ नका. खाली चार इंचांचे पाय असावे. केर काढता येतो आणि ओल चढत नाही. दुसरी, कपाट सरकवताना खाली गोणपाट घाला. नाही तर फरशीवर ओरखडे पडतील आणि मग गवंडी सुताराला बोल लावेल.

दाराचीही आठवण ठेवा. फरशी बसली, की जमीन वर येते. स्वयंपाकघराचे दार आधीच बसवले असेल, तर ते खाली घासते. म्हणून दाराची फळी फरशी झाल्यावर मापून लावावी.

जुन्या घरात, जुन्या ओट्यासमोर नवी टाइल बसवायची असली, तरी आधी ओटा मोजा. नवी टाइल जुन्या फरशीवर चिकटवली, तरी जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते. तेवढ्याने ओटा फार ठेंगणा होत असेल, तर जुनी फरशी काढून मग नवी बसवा. टाकीची जागाही मोजा.

दगड कोणता घ्यावा?

याविषयी थोडे सांगतो. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादहून येते. कडाप्पा आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागातला. कोटा दगड राजस्थानातला. हे तिन्ही दगड चुनखडीच्या जातीचे आहेत. ते टिकाऊ आहेत, पण त्यांना आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच, ताक सांडले आणि तसेच राहिले, तर दगडाची चमक जाते, पांढरे डाग पडतात. ग्रॅनाइट महाग पडतो, पण त्याला आंबटाचे भय नाही. म्हणून ज्याला झेपेल त्याने ओट्याच्या वर ग्रॅनाइट घ्यावा. ओट्याखाली आणि पायांना कडाप्पा चालतो. नुसत्या कडाप्प्याचा ओटा असेल, तर आंबट सांडल्याबरोबर पुसावे.

गॅसची काळजी

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली. त्यानंतर खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ घरांत गॅस आला. धूर कमी झाला. पण ओटा बांधताना गॅसचे नियमही पाळले पाहिजेत.

शेगडी नेहमी टाकीपेक्षा उंच जागी असावी. टाकी उभीच ठेवावी, आडवी कधी ठेवू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, खाली जमिनीलगत साचतो. म्हणून टाकीच्या कप्प्याला दार लावायचे असेल, तर दाराच्या खालच्या बाजूला भोके किंवा जाळी ठेवा. दार पूर्ण बंद करू नका.

गॅसचा वास आला, तर रेग्युलेटर बंद करा. दारे-खिडक्या उघडा. काडी ओढू नका. दिव्याचे बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. घराबाहेर येऊन १९०६ या नंबरावर फोन करा.

पैसे कमी पडले तर?

खेड्यात घर एका दमात होत नाही. घरकुलाचे पैसे हप्त्यांनी मिळतात. २०१६ च्या ग्रामीण आवास योजनेत घर निदान २५ चौरस मीटरचे धरले आहे आणि त्यातच स्वयंपाकाची जागा धरली आहे. त्यात पैसे पुरवून पुरवून वापरावे लागतात.

दादांचेही पैसे संपत आले होते. ते म्हणाले, "फरशी आणि ओटा झाला, तर कपाटांना पैसे उरत नाहीत. मग फरशी मागं ठेवू का?"

आम्ही म्हणालो, "दादा, आम्ही तेच केलं आणि फसलो. मागं ठेवायचंच असेल, तर लाकूड मागं ठेवा. ओट्याला दारं नसली, तरी स्वयंपाक होतो. पडदा लावा. पुढच्या साली दारं येतील. लाकूड मागून आलं, तर काही मोडावं लागत नाही. फरशी मागून आली, तर सगळं बिघडतं."

आणि फरशीलाही पैसे नसतील तर? तर भिंतीवरची रेघ मारून ठेवा. ओटा त्या रेघेनेच बांधा. फरशी व्हायची तोवर ओटा अडीच इंच उंच वाटेल. उभे राहायच्या जागी एखादी फळी टाका. ती अडचण सालभराची. आमची अडचण नऊ वर्षांची होती.

शेवट

दादांचा ओटा झाला. फरशी झाली. कपाटांच्या जागी सध्या वहिनींच्या जुन्या लुगड्याचे पडदे आहेत. टाकी ओट्याखाली सहज जाते. सासूबाई आपल्या कोपऱ्यात बसून भाकरी थापतात.

आम्ही निघालो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पहिल्यांदाच कुणी माझं माप घेऊन काही बांधलं."

आम्ही घरी आलो. कारभारणीचे माप घेतले. ३६॥ इंच. त्यातून चार गेले, साडेबत्तीस राहिले. ओटा आहे साडेएकोणतीस. तीन इंच कमी. गवंडीमामांना विचारले आहे. जुना दगड उचलून, पायांवर विटेचा एक थर चढवून ओटा वर घेता येतो, असे ते म्हणाले. दिवाळीच्या आधी ते काम करायचे आहे. उशीर झाला खरा. पण चूक कळल्यावरही तशीच ठेवली, तर ती दुसरी चूक होते.

ध्यानात ठेवा

१. ओट्याची उंची तयार फरशीपासून मोजावी.
२. भिंतीवर एक रेघ मारून सगळ्यांनी तिच्यावरूनच मोजावे.
३. जी काम करते तिला विचारून उंची ठरवावी.
४. ओले काम आधी, कोरडे काम मागून.
५. ओट्याखालीही फरशी बसवावी.
६. पैसे कमी असतील, तर लाकूडकाम मागे ठेवावे.

शब्दांचे अर्थ

कोबा – सिमेंट-खडीची साधी जमीन
भराव – जोत्यात भरलेली माती किंवा मुरूम
धुम्मस – जमीन चोपण्याचे जड साधन
पाणसळ – सपाटी बघण्याचे साधन
सूत – इंचाचा आठवा भाग
दर्जा – दोन दगडांमधल्या फटी

प्रश्न

१. आमचा ओटा फरशी बसल्यावर ठेंगणा का झाला?
२. लाकडी कपाटे शेवटी का बसवावी?
३. ओट्याखाली फरशी नसली तर काय काय होते?
४. टाकीच्या कप्प्याला खालच्या बाजूला भोके का ठेवावी?
५. हिशेब करा: एका बाईचे कोपरापर्यंतचे माप ३८ इंच आहे. त्यातून ४ इंच वजा करून ओट्याची उंची काढा. भिंतीवरची रेघ फरशीपासून ३६ इंचांवर आहे. ओटा रेघेच्या खाली किती इंच येईल?
६. आज घरी गेल्यावर आपल्या घरातल्या ओट्याची उंची मोजा. जी त्यावर काम करते तिचे माप घ्या. दोन्ही आकडे वहीत लिहा. मग तिला विचारा, "ओटा कसा आहे?" ती काय म्हणाली तेही वहीत लिहा.